एकतिसाव्या वर्षी पिशवी काढली, सदतिसाव्या वर्षी निदान झालं: एका ऊसतोड कामगार बाईचं प्रकरण

हे प्रकरण मराठवाड्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयातलं आहे. बाईला विचारून, तिच्या परवानगीने लिहिलं आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पाळी जाण्याच्या काळाबद्दल मराठीत अलीकडे बरंच लिहिलं जातं, पण ते बहुतेक पंचेचाळीस-पन्नाशीच्या, शहरातल्या बायकांना समोर ठेवून. ऑपरेशनमुळे तिशीतच पाळी गेलेल्या बाईला काय भोगावं लागतं आणि तिला काय उपचार मिळायला हवेत, हे त्यात क्वचितच येतं. म्हणून हे सविस्तर.

तक्रार

वय ३७. नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते, दोघं मिळून एक कोयता. मे महिन्यात, फडावरून गावी परतल्यावर ओपीडीत आली. केसपेपरवर तक्रार लिहिलेली होती: कंबरदुखी, गुडघेदुखी, अशक्तपणा.

अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या बायकांची आमच्याकडे रांग असते. दुखण्याची गोळी, कॅल्शियम, फार तर एक बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन, की केसपेपर संपतो. आधीच्या सहा वर्षांत तिचा केसपेपर जिथे जिथे निघाला, तिथे तो असाच संपला होता. तिनं सोबत आणलेले कागद मी टेबलावर पसरले. सलाईन किती वेळा लावलं याची मोजदाद तिलाही नव्हती. एका ठिकाणी छातीत धडधड होते म्हणून ईसीजी काढलेला, तो व्यवस्थित. दुसऱ्या ठिकाणी झोपेची गोळी. तीन-चार ठिकाणी लघवीच्या जळजळीसाठी अँटिबायोटिक, एकदाही लघवीची तपासणी न करता. मधल्या काळात घरच्यांनी देवर्षीकडेही नेलं होतं, कारण ती रात्री उठून बसायची, रडायची, लेकरांवर ओरडायची.

पाळी कधी आली होती, असं विचारलं तर म्हणाली, "पिशवी काढलीय की."

"कधी?"

"थोरलीच्या लग्नाच्या आधल्या साली. सहा वर्सं झाली."

मग मी विचारलं, अंगातून वाफा येतात का. त्यावर ती पहिल्यांदाच सरळ बसली. "वाफा न्हाई म्याडम, इंगळ. छातीपसून वर येतंय, तोंड लाल व्हतंय, मग घामानं चिंब. थंडीत सुदिक. कोपीत समदे गोधड्या घेऊन झोपत्यात आन् मी लुगड्याचा पदर ओला करून छातीवर टाकती." हे कधीपासून, असं विचारल्यावर तिनं जे सांगितलं त्यातच निदान होतं: "टाकं काढायच्या आदीपसून."

मागची हकिकत

लग्न चौदाव्या वर्षी. पहिली मुलगी पंधराव्या वर्षी, त्यानंतर दोन मुलगे. एकविसाव्या वर्षी कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन. त्यानंतर काही वर्षांनी अंगावर पांढरं जायला लागलं, ओटीपोटात दुखायला लागलं, पाळीत रक्त जास्त जाऊ लागलं. फडावर संडास नाही, पाणी लांबून आणायचं, पाळीचं कापड पाचटाच्या ढिगाआड वाळत घालायचं. जंतुसंसर्ग होण्यासाठी आणखी वेगळं कारण लागत नाही.

गावाजवळच्या शहरातल्या एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली. "पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल, लेकरं झालीत, आता पिशवीचा उपयोग काय" असं सांगितलं गेलं. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी झाली नाही, पॅप स्मिअर, म्हणजे तिथल्या पेशींची कॅन्सरसाठीची तपासणी, झाली नाही, अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स दिला गेला नाही, रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्याही नाहीत. ऑपरेशनचे पैसे मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचल म्हणून घेतले. म्हणजे ऑपरेशन झालं त्याच दिवशी पुढची सहा महिन्यांची मजुरी गहाण पडली. तीन महिन्यांनी ती फडावर उभी होती.

यात मुकादमाचा जोर होता का, असं मी विचारलं. तिनं नाही सांगितलं. पण कोयत्यातली बाई पाळीत बसली की खाडा पडतो, खाड्याचे पैसे कापले जातात, हे तिला ठाऊक होतं आणि पिशवी गेली की ती कटकट जाते हेही ठाऊक होतं. टोळीतल्या बायकांनी एकमेकींना तेच सांगितलेलं. कुणी हात धरून ओढत नेलं नाही, तरी याला तिची मोकळी निवड म्हणायला माझं मन धजत नाही.

हे एकटीचं नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे सहा जणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशभरातलं हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. पुढे २०२२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना तीन महिन्यांत त्या लागू करायला सांगितलं. हे सगळं पुढची ऑपरेशनं थांबवण्यासाठी होतं आणि ते हवंच होतं. पण ज्या बायकांची पिशवी आधीच गेली, त्यांच्या शरीराचं पुढे काय होतंय याकडे पाहणारी यंत्रणा कुठे उभी राहिलेली मला दिसत नाही. वर्तमानपत्रात त्या आकडा म्हणून आल्या आणि ओपीडीत गुडघेदुखी म्हणून.

एक प्रश्न: अंडाशयं आहेत का?

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण नेमका इथेच गोंधळ होतो.

पिशवी म्हणजे गर्भाशय काढलं की पाळी थांबते. पण पाळी थांबणं आणि शरीरातला इस्ट्रोजेन हा संप्रेरक थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इस्ट्रोजेन अंडाशयात तयार होतो. अंडाशयं जागेवर ठेवली असतील तर पाळी नसली तरी इस्ट्रोजेन काही वर्षं मिळत राहतो. मात्र अशा बायकांमध्येही अंडाशयांचं काम सरासरीपेक्षा काही वर्षं आधी थांबतं. दोन्ही अंडाशयं पिशवीबरोबर काढली, तर दुसऱ्या दिवसापासून इस्ट्रोजेन एकदम खाली येतो. नैसर्गिकरीत्या पाळी जाताना शरीराला सवय व्हायला काही वर्षं मिळतात. इथे आठवडाही मिळत नाही. म्हणून टाके काढायच्या आत "इंगळ" सुरू झाले हे ऐकताच दोन्ही अंडाशयं गेली असणार, असा माझा अंदाज बांधला गेला.

खात्री करायला कागद हवा होता. डिस्चार्ज कार्ड अर्ध्या पानाचं. त्यावर पिशवीचं ऑपरेशन केल्याची एक ओळ, टाके कधी काढायचे ती तारीख, आणि गोळ्या. अंडाशयं काढली की ठेवली, याबद्दल अक्षर नाही. काढलेली पिशवी तपासणीला पाठवल्याचा रिपोर्ट नाही. "ताटलीत घालून मालकाला दाखवली म्हणं," ती म्हणाली. नातेवाइकांना ताटलीत दाखवायची आणि प्रयोगशाळेत पाठवायची नाही, ही पद्धत मी अनेक कुटुंबांकडून ऐकली आहे. कॅन्सरच्या भीतीने काढलेला अवयव कॅन्सरसाठी तपासलाच जात नाही, याचा मला आजही संताप येतो.

सोनोग्राफीत दोन्ही बाजूंची अंडाशयं दिसली नाहीत. अंडाशयांना चालना देणाऱ्या एफएसएच या संप्रेरकाची रक्ततपासणी बाहेरून करून घेतली, आकडा ८२ आला. चाळिशीच्या आतल्या बाईत हा आकडा २५ च्या वर गेला की अंडाशयांचं काम थांबल्याचा संशय पक्का होत जातो. इथे लक्षणं, सोनोग्राफी आणि रक्त तिन्ही एकच सांगत होते. चाळिशीनंतरच्या, पाळी अनियमित होत चाललेल्या बाईला मात्र सहसा या तपासणीची गरज नसते. त्या वयात हे संप्रेरक रोज वरखाली होतं, तिथे लक्षणं ऐकूनच निदान करायचं असतं.

बाकीच्या शक्यता

रात्री घाम येणारी प्रत्येक बाई पाळी जाण्याच्या काळातली नसते. आपल्याकडे रात्रीचा घाम म्हटला की आधी क्षयरोग डोक्यात यायला हवा, विशेषतः कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, दाटीने राहणाऱ्या, वजन कमी असलेल्या माणसात. खोकला नव्हता, ताप नव्हता, वजन घटलेलं नव्हतं. तरीही छातीचा एक्स-रे काढला, तो स्वच्छ होता. थायरॉइड व्यवस्थित. साखर व्यवस्थित. हिमोग्लोबिन १०.२, म्हणजे रक्त कमी. ड जीवनसत्त्व ११, म्हणजे फार कमी. दिवसभर उन्हात राबणारी बाई आणि ड जीवनसत्त्व कमी, याचं अनेकांना नवल वाटतं. पण फडात ऊसाच्या पात्यांनी अंग कापू नये म्हणून बायका साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात आणि डोकं, तोंड फडक्याने बांधून घेतात. ऊन लागायला उघडं उरतं काय? रक्तदाब १३४/८६, लक्ष ठेवण्याजोगा.

हाडांची घनता पाहणारी डेक्सा तपासणी आमच्याकडे होत नाही, मोठ्या शहरात पाठवावं लागलं. शिबिरांमधून टाचेवर यंत्र लावून जी तपासणी करतात ती यासाठी पुरत नाही. पन्नाशीच्या आतल्या बाईचा आकडा तिच्याच वयाच्या निरोगी बायकांशी ताडून पाहतात आणि तो उणे २ किंवा त्याखाली असेल तर हाडं वयाच्या मानाने कमी धरतात. तिच्या कमरेच्या मणक्यांचा आकडा उणे २.२ होता. सदतिसाव्या वर्षी. आणि हीच बाई तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढत होती.

पडद्याआड तपासताना आमच्या सिस्टरने तिला विचारलं, "ताई, मालकांबरोबर असताना त्रास होतो का?" मी विचारलं होतं तेव्हा ती गप्प राहिली होती, सिस्टरला मात्र बोलली. ऑपरेशननंतर हळूहळू जागा कोरडी पडत गेली, संबंधाच्या वेळी चिरल्यासारखं दुखायचं, म्हणून ती टाळायची, आणि नवरा संशय घ्यायला लागला होता. तपासणीत योनिमार्गाची त्वचा पातळ, कोरडी, हात लागताच रक्त येईल अशी. लघवीची जळजळ त्यातलीच. लघवीत जंतू सापडले नाहीत. ज्यासाठी तिनं वर्षानुवर्षं अँटिबायोटिक खाल्लं, तो संसर्ग नव्हताच, इस्ट्रोजेन नसल्यामुळे झालेला बदल होता.

निदान सांगणं

मी तिला आणि नवऱ्याला एकत्र बसवून सांगितलं. ऑपरेशनमध्ये फक्त पिशवी नाही, दोन्ही बाजूंची अंडाशयंही काढली आहेत. बाईचं शरीर ज्या रसावर चालतं तो त्यातून यायचा. इतर बायकांचा तो सेहेचाळिशी-सत्तेचाळिशीच्या सुमाराला थांबतो, हिचा एकतिसाव्या वर्षी थांबला. मेंदूत अंगाचं तापमान सांभाळणारी जागा आहे, ती या रसाशिवाय बिथरते आणि थोडाही फरक झाला की अंग तापलंय असं समजून रक्त कातडीकडे लोटते, घाम काढते. करणी नाही, नाटक नाही, चारित्र्याचा प्रश्न तर मुळीच नाही.

नवरा बराच वेळ खाली बघत होता. मग त्यानं एकच विचारलं, "मग आमाला तवाच कामून सांगितलं न्हाई?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उपचार आणि त्यामागचा विचार

चाळिशीच्या आत, किंवा पंचेचाळिशीच्या आतही, अंडाशयांचं काम थांबलेल्या बाईला इस्ट्रोजेन बाहेरून देणं हा ऐच्छिक उपचार नाही. शरीराला त्या वयात जे मिळायला हवं तेच परत देणं आहे. दिलं नाही तर वाफा, झोप एवढ्यावर भागत नाही. हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. लहान वयात दोन्ही अंडाशयं काढलेल्या आणि इस्ट्रोजेन न मिळालेल्या बायकांचं आयुर्मानही घटतं, असं दीर्घकाळ केलेल्या अभ्यासांतून दिसलं आहे.

देण्याआधी पाहायचं ते पाहिलं. स्तनात गाठ नाही, घरात आई-बहिणीला स्तनाचा कॅन्सर नाही, पायातल्या शिरेत कधी रक्ताची गुठळी झालेली नाही, पक्षाघात नाही, यकृत ठीक. यांपैकी काही असतं तर वाट वेगळी. स्तनाच्या कॅन्सरमधून गेलेल्या बाईला सहसा इस्ट्रोजेन देत नाहीत, तिच्यासाठी व्हेनलाफॅक्सिन, गाबापेंटिन अशी वाफा कमी करणारी दुसरी औषधं आहेत.

एस्ट्राडायॉल व्हॅलरेट, म्हणजे इस्ट्रोजेनचीच गोळी, २ मिलिग्रॅम, रोज एक. पन्नाशीच्या बाईला बहुधा १ मिलिग्रॅमपासून सुरू करतात, तरुण बाईला जास्त लागतं. गर्भाशय नसल्यामुळे प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक जोडायची गरज नव्हती. ज्या बाईची पिशवी जागेवर आहे तिला एकटं इस्ट्रोजेन कधीही द्यायचं नसतं. त्यानं पिशवीचं अस्तर वाढतं आणि अस्तराच्या कॅन्सरचा धोका निर्माण होतो. हा नियम वाचणाऱ्या प्रत्येकीने लक्षात ठेवावा, कारण औषधाच्या दुकानातून शेजारणीची गोळी आणून घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

कातडीवर लावायचं जेल हा गोळीपेक्षा सुरक्षित पर्याय, त्यात गुठळीचा धोका वाढत नाही. रक्तदाब पाहता मला जेलच द्यायचं होतं. पण ते लावून वाळू द्यावं लागतं, लावलेली जागा लेकरांच्या अंगाला लागू द्यायची नाही. एका कोपीत चार-पाच माणसं, अंगावर दिवसभर पाचटाची धूळ, धुवायला पाणी मोजकं. गोळीच जमणार होती. पायावर अचानक एका बाजूला सूज आली, छातीत कळ येऊन धाप लागली, तर गोळी बंद करून लगेच दवाखाना गाठायचा, हे तिच्याकडून तिच्या शब्दांत वदवून घेतलं.

योनिमार्गासाठी एस्ट्रिऑलचं क्रीम, पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, आठ आठवडे. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या, पण एकत्र नाही, एक सकाळी एक रात्री. खाण्यात ताक, तीळ, शेवग्याचा पाला. बदाम-पनीरची यादी मी तिच्यापुढे ठेवली नाही.

मिश्री सोडायला सांगितली. ती लहानपणापासून लावत होती. तंबाखूने रक्तदाब वाढतो, हाडं आणखी झिजतात, तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच. "भूक मरती म्हणून लावती," ती म्हणाली. पूर्ण सुटलेली नाही, सकाळची एकवेळ उरली आहे.

वजन उचलू नका, हे मात्र मी तिला सांगू शकले नाही. डॉक्टर म्हणून तेच सांगायला हवं होतं, पण ज्या बाईच्या डोक्यावर उचल आहे तिच्यासाठी त्या वाक्याला काही किंमत नाही. त्याऐवजी नवऱ्याशी बोलले. मोळ्या बांधायचं काम तिनं करावं, भरलेल्या ट्रकवर चढायचं त्यानं. त्यानं मान हलवली, आणि पुढे तसं वागलाही.

पुढचे महिने

सिस्टरने तिला एक साधं काम दिलं होतं. रात्री जितक्यांदा घामाने जाग येईल तितक्या रेघा घरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात ओढायच्या. तिचं शिक्षण चौथीपर्यंत, पण रेघा चोख ओढल्या होत्या. पहिल्या आठवड्यात सहा-सहा, सात-सात. दुसऱ्या आठवड्यात मळमळ आणि छातीत ताण आला म्हणून ती गोळी थांबवायच्या बेतात होती. आशाताईंनी (गावच्या आशा स्वयंसेविका) फोन लावून दिला आणि रात्रीच्या जेवणानंतर गोळी घ्यायला सांगितल्यावर ते निभावलं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात चौकोनात एक-दोन रेघा, काही चौकोन कोरे.

झोप परत आली तसा चिडचिडेपणाही कमी झाला. पहिल्या भेटीत मन उदास असल्याची लक्षणं होती. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येतो का, हे मी स्पष्ट विचारलं होतं, तो नव्हता. म्हणून नैराश्याची गोळी लगेच न देता सहा आठवडे थांबायचं ठरवलं आणि पुढे ती लागली नाही. संबंधाच्या वेळचं दुखणं कमी व्हायला तीन महिने गेले. गुडघे आणि कंबर थोडी हलकी झाली, एवढंच. त्या दुखण्यात इस्ट्रोजेनचा वाटा होता तसा वीस वर्षांच्या मोळ्यांचाही होता.

खरी परीक्षा दिवाळीनंतर होती. टोळी निघाली पश्चिम महाराष्ट्रात, घरापासून दोन-अडीचशे किलोमीटर. एस्ट्राडायॉल आम्हाला मोफत देता आलं नाही, ती विकतच घेत होती. निघताना जेवढे पैसे होते तेवढ्या पाकिटांची बेगमी केली. पौषात गोळ्या संपल्या. चार-पाच दिवसांत वाफा परत. कारखान्याजवळच्या एका दवाखान्यात गेली तर तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी बघून सांगितलं, "हे कोणी दिलं? याने कॅन्सर होतो," आणि गोळी लिहून द्यायला नकार दिला. ती घाबरली. तीन आठवडे गोळीविना गेले.

ही भीती कुठून आली ते सांगायला हवं, कारण ती डॉक्टरांमध्येही खोल बसली आहे. २००२ मध्ये अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासाचा एक भाग अर्ध्यावर थांबवला गेला. इस्ट्रोजेन आणि कृत्रिम प्रोजेस्टेरॉन एकत्र घेणाऱ्या बायकांत स्तनाचा कॅन्सर किंचित वाढल्याचं दिसलं होतं. जगभर बायकांनी औषधं फेकून दिली. पण त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. त्याच अभ्यासाचा दुसरा भाग होता पिशवी काढलेल्या, फक्त इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांचा. तो २००४ मध्ये पक्षाघाताचं प्रमाण थोडं वाढल्यामुळे थांबवला, मात्र त्यात स्तनाचा कॅन्सर वाढलेला नव्हता, पुढच्या पाठपुराव्यात तर कमीच आढळला. त्रेसष्ट वर्षांच्या, नैसर्गिकरीत्या पाळी गेलेल्या अमेरिकन बाईचा निष्कर्ष सदतीस वर्षांच्या, अंडाशयं काढलेल्या बाईला लावता येत नाही. तरी तो लावला जातो आणि गोळी बंद होते.

तिनं आशाताईंना फोन केला, त्यांनी मला. मी त्या डॉक्टरांशी फोनवर बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग गोळी लिहूनही दिली. त्यानंतर आम्ही तिच्यासाठी एक कागद तयार करून प्लास्टिकमध्ये बंद करून दिला. त्यावर मराठीत: वय, ऑपरेशनची तारीख, दोन्ही अंडाशयं काढलेली, निदान, औषधाचं मूळ नाव आणि मात्रा, किती वर्षं द्यायचं, कुठली लक्षणं दिसली तर थांबवायचं, आणि रुग्णालयाचा फोन. ऊसतोडीला निघण्याआधी आणि परतल्यावर या बायकांची आरोग्य तपासणी व्हावी अशी शिफारस झालेली आहे. पिशवी काढलेल्या प्रत्येक बाईच्या तपासणीत असा कागद त्याच वेळी तयार व्हायला हवा, आणि इस्ट्रोजेनची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला हवी. त्यासाठी मी वरिष्ठांकडे लेखी मागणी केली आहे. उत्तर यायचं आहे.

टोळीतल्या बाकीच्या

परतल्यावर ती एकटी आली नाही. बरोबर तिची जाऊ आणि टोळीतल्या आणखी काही जणी. जावेची पिशवी काढलेली, पण अंडाशयं जागेवर होती. तिला वाफा नव्हत्या, रक्त कमी होतं. तिला गोळीची गरज नव्हती आणि तसं सांगितल्यावर ती जरा हिरमुसली. आणखी एकीला एका दवाखान्यात पिशवी काढायची तारीख दिलेली होती, वय २९, तक्रार अंगावर पांढरं जाण्याची. गर्भाशयाच्या तोंडाची ॲसिटिक ॲसिड लावून तपासणी केली, काही संशयास्पद दिसलं नाही. दोघा नवरा-बायकोला अँटिबायोटिकचा कोर्स दिला. तारीख तिनं स्वतःच रद्द केली.

ज्यांचं ऑपरेशन झालं आहे त्यांनी आपल्या दवाखान्याकडून ऑपरेशनची पूर्ण नोंद मागून घ्यावी. डिस्चार्ज कार्ड नव्हे, ऑपरेशनची नोंद. त्यात एक किंवा दोन्ही अंडाशयं काढली का, हे लिहिलेलं असतं. वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार मागितल्यावर ७२ तासांत नोंदी देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मात्र भरती असलेल्या रुग्णांच्या नोंदी तीन वर्षंच जपून ठेवायचा नियम आहे, म्हणून मागायला उशीर करू नये. नोंद मिळालीच नाही तर सोनोग्राफी आणि एफएसएच यांवरून अंदाज येतो. पंचेचाळिशीच्या आतल्या, दोन्ही अंडाशयं गेलेल्या बाईनं वाफा येत नसल्या तरी स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवावं, कारण हाडं झिजताना दुखत नाहीत.

ती स्वतः यंदाही फडावर जाणार आहे, उचल फिटायची आहे. पुढची डेक्सा पहिलीनंतर दोन वर्षांनी करायची आहे. गोळी किमान नैसर्गिकरीत्या पाळी जाण्याच्या वयापर्यंत चालू राहील, म्हणजे अजून दहा वर्षं तरी. दरवर्षी रक्तदाब, स्तनांची तपासणी आणि वजन पाहून मात्रा पुन्हा ठरवू.